पदकाच्या कडेवरचं नाव

जुन्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागच्या फडताळात किंवा माळ्यावरच्या गाठोड्यात पहिल्या महायुद्धाचं एखादं काळवंडलेलं पदक सापडलं, की घरातले सगळे आधी त्याच्यावरचा राजा बघतात. पाचवा जॉर्ज, एका बाजूला तोंड करून. मग पदक उलटतात. मागे घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, आणि घोड्याच्या टापांखाली ढाल आणि कवटी. एवढं पाहून झालं की पदक पुन्हा फडक्यात गुंडाळलं जातं. पण ज्याच्यासाठी ते पदक पडलं, तो माणूस या बाजूलाही नसतो आणि त्या बाजूलाही नसतो. तो कडेवर असतो.

पदक उभं धरा, खिडकीशी न्या आणि उन्हात तिरकं करून अगदी हळू फिरवा. रुपयाच्या जाडीएवढ्या त्या कडेवर बारीक रोमन अक्षरं ठोकलेली दिसतील. आधी एक आकडा, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण. शंभर वर्षांपूर्वी आगबोटीत बसून गेलेला आणि परत न आलेला पणजोबा, किंवा पणजोबांचा धाकटा भाऊ, ज्याच्याबद्दल घरात "तो लढाईत गेला" यापलीकडे कोणी काही सांगू शकत नाही, त्याचा माग या एका ओळीपासून सुरू होतो. मला या ओळीचं नवल वाटतं ते असं, की तिच्यातलं सगळ्यात कमी भरवशाचं अंग म्हणजे नाव, आणि सगळ्यात भरवशाचं अंग म्हणजे तो आकडा.

नाव कारकुनाच्या कानावर अवलंबून असे. भरतीच्या टेबलाशी उभा राहिलेला सतरा-अठरा वर्षांचा पोर आपलं नाव सांगायचा, आणि पलीकडचा माणूस जसं ऐकू येईल तसं रोमन लिपीत उतरवायचा. जाधवांच्या नावाच्या शेवटी कधी 'व्ही' येई, कधी 'ओ'. शिंद्यांच्या सुरुवातीला 'एसएच' लावायचं की नुसता 'एस', हे त्या दिवशीच्या लेखणीवर ठरायचं. कित्येकांचं आडनाव लागलंच नाही, नुसतं पाळण्यातलं नाव आणि पुढे बापाचं. गणपत, बाबू, रामा, सखाराम, धोंडू अशी नावं एकेका पलटणीत किती असतील! पण आकडा एका पलटणीत एका वेळी एकाचाच. तोच आकडा शेजारच्या पलटणीत दुसऱ्या कोणाचा तरी असू शकतो, म्हणून आकडा आणि पलटण या जोडीला सोडायचं नाही. ही जोडी हाती असली की नावाचं स्पेलिंग कितीही बिघडलेलं असलं तरी माणूस ओळखता येतो.

पदकाचा धातूही बोलतो. ब्रिटिश वॉर मेडल या नावाचं हे पदक लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळालं. पलटणीबरोबर गेलेले भिश्ती, स्वयंपाकी, खेचरं हाकणारे, मजूर यांना लष्करी भाषेत 'फॉलोअर' म्हणत, आणि त्यांना तेच पदक ब्राँझचं मिळालं. त्यामुळे तुमच्या घरातलं पदक काळं न पडता तपकिरी झालेलं असेल तर ते कमी मोलाचं समजू नका. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदुस्थानातून पाच लाखांहून जास्त माणसं गेली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी अशी बिनबंदुकीची होती. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पाण्याची पखाल वाहणारा माणूस इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. पदकाच्या कडेवर सापडतो.

आता पलटण. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मराठ्यांच्या पायदळाच्या सहा पलटणी होत्या आणि त्या सगळ्यांना आकडेच होते : १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. आज या आकड्यांची एकही मराठा पलटण तुम्हाला सापडणार नाही, आणि इथं शोधणारा पहिल्यांदा अडतो. झालं असं, की १९२२ साली लष्कराची फेररचना झाली आणि या सहा जणी मिळून एक रेजिमेंट झाली, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. १०३ची पहिली बटालियन झाली, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी, आणि ११४ची दहावी, म्हणजे रंगरूटांना शिकवणारी. पुढे स्वातंत्र्यानंतर १९५२मध्ये तिसरी बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि दुसरी पॅरा बनली. म्हणजे कोण्या पणजोबांच्या पदकाच्या कडेवर '११०' असेल, तर त्यांचे आजचे पलटणभाऊ विमानातून उडी मारणारे पॅरा कमांडो आहेत. एका आकड्याला धरून शंभर वर्षं अशी खाली उतरता येतात. मराठा रेजिमेंटचं केंद्र आज बेळगावात आहे आणि पलटणींची आठवण तिथं जपलेली आहे.

या सहांपैकी तीन पलटणी, १०३, ११० आणि ११७, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१४मध्ये या डिव्हिजनची पहिली तुकडी इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओला उतरली आणि तिच्यात ११७ मराठा होती. त्याच महिन्यात बसरा पडलं. पुढचं वर्षभर फौज तैग्रिस नदीच्या काठाकाठानं वर सरकत बगदादच्या उंबऱ्याशी टेसिफोनपर्यंत गेली, तिथं नोव्हेंबर १९१५मध्ये अडली आणि रक्तबंबाळ होऊन मागे फिरली. नदीच्या एका वळणावर कूत अल-अमारा नावाचं गाव आहे. तिथं तुर्कांनी तिला ७ डिसेंबरला घेरलं. वेढा जवळजवळ पाच महिने चालला.

कूतबद्दल वाचताना मला तोफांपेक्षा पीठ जास्त आठवतं. धान्य होतं, पण ते दळायचं कसं? जात्याचे दगड विमानातून आणून टाकावे लागले. आकाशातून जातं पडतंय, हे दृश्य सातारा-रत्नागिरीच्या त्या पोरांनी कोणत्या डोळ्यांनी पाहिलं असेल! आई पहाटे ज्याच्यापुढे बसते ते जातं, आणि ते ढगातून खाली येतंय. शेवटच्या दिवसांत, एप्रिल १९१६मध्ये, पिठाची पोतीही विमानांतूनच टाकली गेली. वेढ्यात अडकलेल्या फौजेला आकाशातून रसद पोचवायचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. तो पुरा पडला नाही. घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली तेव्हा पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस खायचं नाकारलं. धर्मगुरूंचे निरोप आले तरी मन घेईना. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उकलल्या, स्कर्व्हीनं माणसं झिजली. २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. त्यांतले बहुसंख्य हिंदी होते. तिथून वाळवंटातून चालवत नेणं, रेल्वेच्या कामावर जुंपणं, ताप, हगवण. हजारो जण कैदेतच गेले.

म्हणून तुमच्या माणसाची मृत्यूची तारीख १९१६च्या मध्यानंतरची असेल, आणि त्या तारखेला त्याची पलटण लढाईत कुठेच नसेल, तर नोंद चुकली असं लगेच समजू नका. तो कैदी असण्याचा संभव धरून चाला.

तारखेची शहानिशा करायला एक अजब साधन आहे. युद्धावर असलेल्या प्रत्येक पलटणीला रोजनिशी ठेवावी लागे. तिला वॉर डायरी म्हणत, आणि पहिल्या महायुद्धातल्या पुष्कळशा डायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. एखादा दमलेला अधिकारी संध्याकाळी कंदिलाशी बसून लिहायचा : आज पाऊस, खंदकात गुडघाभर पाणी, अमक्या वाजता गोळीबार. तुमचा माणूस ज्या दिवशी गेला तो दिवस पलटणीसाठी कसा उजाडला आणि कसा मावळला, हे तासागणिक कळू शकतं. मात्र तुम्ही ज्याला शोधताय तो शिपाई असेल तर त्या पानावर त्याचं नाव क्वचितच सापडेल. गोरे अधिकारी नावानिशी येतात. शिपाई येतात ते आकड्यात : मृत इतके, जखमी इतके, बेपत्ता इतके. त्या 'इतके'मध्ये एक तुमचा.

हा आकडा कागदावर राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं. तो पुढे दगडात गेला.

युद्ध चालू असतानाच, मे १९१७मध्ये, राजाच्या सनदेनं एक आयोग स्थापन झाला. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणतात. फेबियन वेअर या माणसाच्या चिकाटीतून तो उभा राहिला आणि त्याचं तत्त्व त्या काळाच्या मानानं विलक्षण होतं : प्रत्येक मृताचं नाव कायमचं कोरायचं, आणि हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही. सेनापती आणि शिपाई यांना एकाच मापाचा दगड. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची दप्तरं हा आयोग आजही सांभाळतो.

आता बसऱ्याला चला. मेसोपोटेमियात जे मेले आणि ज्यांची कबर ठाऊक नाही, अशा ४०,००० हून अधिक जणांसाठी शत्त अल-अरबच्या काठी १९२९ साली एक भव्य स्मारक उघडलं. (१९९७मध्ये इराक सरकारनं ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन पुन्हा उभं केलं.) या स्मारकाच्या भिंतींवर गोऱ्या शिपायापर्यंत प्रत्येक ब्रिटिशाचं नाव आहे. हिंदी पलटणींपुढे आधी हिंदी अधिकाऱ्यांची, म्हणजे जमादार, सुभेदार यांची नावं आहेत. आणि त्याखाली हवालदार, नाईक, शिपाई या सगळ्यांचा मिळून एक आकडा. जमादाराचं नाव दगडावर आलं आणि त्याच्या शेजारी पडलेल्या हवालदाराचं आलं नाही. एका पायरीचं अंतर, आणि तिथं नाव संपून बेरीज सुरू होते.

एप्रिल २०२१मध्ये आयोगानं स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल आला आणि त्यात हे सगळं लपवाछपवी न करता मांडलं आहे. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशा सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण इतरांच्या बरोबरीनं केलं गेलं नाही, आणि किमान १,१६,००० जणांचं, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावानं झालं नाही किंवा मुळीच झालं नाही, असं त्यात म्हटलं आहे. आयोगानं माफी मागितली. मला त्या अहवालाबद्दल आदर आहे. तरीही तो वाचताना गळा दाटतो, कारण हे विसरण्यातून झालेलं नव्हतं, कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं होतं.

आणि याच साम्राज्यानं नेमकं उलटंही केलं. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्राँझची एक थाळी पाठवली गेली, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया आणि सिंह. इंग्लंडात लोक तिला 'डेड मॅन्स पेनी' म्हणू लागले, आपण मेलेल्याचा ढब्बू पैसा म्हणू. हिंदी शिपायांच्या घरीही ती आली. या थाळीवर मृताचं नाव ओतीव अक्षरात आहे आणि हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, कारण मरणात सगळे सारखे. म्हणजे बसऱ्याच्या भिंतीवर शिपायाचा हुद्दा उरला आणि नाव गेलं. कोकणातल्या कौलारू घरात नाव आलं आणि हुद्दा गळला. ही थाळी आणि पदकाची कड एकमेकांशेजारी ठेवली की माणूस पुरा होतो.

दगडावर नसलेली ती नावं गेली कुठे? ती पलटणींच्या याद्यांत होती, आयोगाच्या नोंदवह्यांत होती, आणि आज त्या नोंदवह्या आयोगाच्या संगणकीय सूचीत आल्या आहेत. कोणीही घरबसल्या फुकट शोधू शकतो. नाव घालून शोधण्याआधी पलटण आणि आकडा घाला. नाव घालायचंच तर मराठी कानानं नका घालू, इंग्रज कारकुनाच्या कानानं घाला. नोंद उघडली की आकडा, हुद्दा, पलटण, तारीख, स्मारक अशा ओळी येतात. नशीब असेल तर शेवटी आणखी एक ओळ येते : अमक्याचा मुलगा, राहणार अमकं गाव, अमका तालुका, अमका जिल्हा.

या ओळीतला भूगोल मात्र त्या वेळचा. मालवणचा शिपाई रत्नागिरी जिल्ह्यात सापडेल, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१मध्ये वेगळा झाला. महाडचा कुलाब्यात सापडेल, कारण तेव्हा रायगड जिल्ह्याचं नाव ते होतं. सावंतवाडी, कोल्हापूर, सांगली ही संस्थानं होती. खेड वाचून रत्नागिरीत धावू नका, पुणे जिल्ह्यातलं राजगुरुनगरही तेव्हा खेडच. गावाचं नाव रोमन लिपीतून परत मराठीत आणताना मोठ्यानं वाचावं, चार वेळा, वेगवेगळे आघात देऊन. पाचव्या वेळी अचानक गाव कानात वाजतं.

पंजाबला या बाबतीत घबाड लागलं. युद्ध संपल्यावर पंजाब सरकारनं गावोगाव फिरून कोण कोण लढायला गेलं याच्या वह्या केल्या होत्या. त्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून होत्या. २०२१मध्ये त्या संगणकावर यायला लागल्या. सुमारे २६,००० पानं आणि ३,२०,००० शिपाई.

आपल्याकडच्या वह्या वेगळ्या आहेत, आणि मला वाटतं आपण त्यांच्याकडे या नजरेनं अजून पुरेसं पाहिलेलं नाही.

भाद्रपदात घरी म्हाळ कोणत्या तिथीला घालतात, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. पितृपक्षातली वद्य चतुर्दशी पंचांगात शस्त्रानं मेलेल्यांच्या श्राद्धासाठी राखून ठेवलेली आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक पान त्या दिवशी वेगळं वाढत असतील आणि का ते कोणाला ठाऊक नसेल, तर ते पान कोणाचं असेल याचा विचार करा. तिथीच माहीत नसलेल्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होतं. म्हणजे एखाद्या पूर्वजाची तिथी आपल्याला ठाऊक नाही, हेसुद्धा घराण्यानं शंभर वर्षं न चुकता लक्षात ठेवलेलं असतं.

देह परत आला नाही तर काय करायचं, याचीही रीत होती. बारा वर्षं वाट बघायची आणि मग पालाशविधी करायचा. पळसाच्या पानांचा किंवा दर्भाचा देह रचून त्याला अग्नी द्यायचा. १९१६ला बेपत्ता झालेल्या शिपायाच्या घरी हा विधी १९२८च्या सुमारास झाला असेल, आणि तोवर त्याची बायको कुंकू लावत राहिली असेल. लष्कराच्या कागदावर मात्र तो केव्हाच मेलेला होता. या दोन तारखांमधली बारा वर्षं कोणत्याही दप्तरात नाहीत.

नाशिकच्या आणि इतर क्षेत्रांच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात. घराण्यातला जो कोणी क्षेत्राला गेला त्यानं स्वतःचं नाव, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं, गावासकट लिहून द्यायचं. लढाईत गेलेल्याचा भाऊ कधीतरी गोदावरीवर पिंड घालायला गेला असेल तर त्या पानावर मृताचं नाव मोडीत किंवा बाळबोधीत असू शकतं. इंग्रज कारकुनाच्या कानातून न गेलेलं, घरात हाक मारायचे तसं नाव. दक्षिण महाराष्ट्रात दारोदार फिरून वंशावळी वाचणारे हेळवी असतात, त्यांनाही थांबवून विचारावं.

आणि गावाच्या वेशीवर बघावं. पहिल्या युद्धानंतर सरकारनं कित्येक गावांत दगडी पाट्या लावल्या. मजकूर ठरलेला : या गावातून महायुद्धावर इतके पुरुष गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात, त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा पाटीवर बहुधा नावं नसतात, बसऱ्यासारखाच आकडा असतो. पण त्या पाटीपासून चार पावलांवर, मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळापाशी, सहसा एखादा वीरगळ टेकून ठेवलेला सापडतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. नाव गावाला ठाऊक होतं, लिहायची गरज कोणाला वाटली नाही. आणि गाव विसरलं तेव्हा दगडाकडे सांगायला काही उरलं नाही. तरी लोक त्याला शेंदूर लावतात. घरात तो वीर टाकाच्या रूपानं येतो, चांदीच्या लहानशा पत्र्यावर ठोकलेला घोडेस्वार, आणि सणावाराला त्याला न्हाऊ घालतात. टाकांच्या रांगेत एखादा नवा असेल, चांदी कमी झिजलेली असेल, तर तो कोणाचा, हा प्रश्न विचारायला हवा.

घरातल्या मृताचा असा शोध फक्त आपणच घेतो असं नाही. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली एक मूल जन्मलं, ते पुढे रड्यार्ड किपलिंग म्हणून जगभर गाजलं. त्याचा एकुलता मुलगा जॉन १८ वर्षांचा असताना, सप्टेंबर १९१५मध्ये, फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. किपलिंग दवाखान्यांतून फिरला, मुलाबरोबरच्या शिपायांना भेटला, वर्षानुवर्षं एकेक जबानी जमवत राहिला. याच काळात तो कबरींच्या आयोगाचा सल्लागार होता आणि अनोळखी सैनिकांच्या दगडांवर कोरायचे शब्द त्यानंच निवडले होते. मुलाची कबर न सापडताच १९३६मध्ये तो गेला. १९९२मध्ये आयोगातल्याच एका माणसाला जुन्या नोंदीत चूक दिसली आणि एका अनोळखी लेफ्टनंटच्या दगडावर जॉन किपलिंगचं नाव आलं. ७७ वर्षांनी.

फ्रान्सच्या मातीतून अजून माणसं निघतात. २०१६मध्ये रिशबूर गावाजवळ खोदकामात दोघांचे अवशेष मिळाले. खांद्यावरच्या धातूच्या बिल्ल्यावर '३९' होतं. तेवढ्यावरून कळलं की ते ३९व्या गढवाल रायफल्सचे. पुढच्या वर्षी त्यांना लष्करी मानानं निरोप दिला गेला. नाव नाही कळलं, पण पलटण कळली, म्हणजे डोंगर कळले, भाषा कळली, घर कोणत्या दिशेला ते कळलं. आणि इंग्लंडात ब्रायटनजवळच्या टेकडीवर, जिथं दवाखान्यात मेलेल्या ५३ हिंदू-शीख शिपायांना अग्नी दिला, तिथं १९२१मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकारानं केला होता. त्या ५३ जणांची नावं छत्रीशेजारी कोरली गेली २०१०मध्ये.

ज्यांना अग्नी मिळाला त्यांची कबर नसतेच, हे आपल्याला उघड आहे, पण शोधताना पुष्कळ जण इथंच फसतात. कबर नाही म्हणून माणूस बेपत्ता समजतात. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांसाठी इटलीत सांग्रो नदीकाठी, फोर्लीला, तसंच इंफाळला खास दहनस्मारकं आहेत, आणि तिथं हिंदू-शीख शिपायांची नावं एकेक करून कोरलेली आहेत. या वेळी आकड्यावर भागवलं नाही.

समुद्रात गेलेल्यांना तर अग्नीही नाही. कोकणातून मुंबईच्या गोदीमार्गे आगबोटींवर खलाशी म्हणून गेलेले आणि पाणतीरानं बुडालेले पुष्कळ. पहिल्या युद्धातल्या अशा दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक मुंबईतच, मशीद बंदरच्या खलाशांच्या घरात आहे. घरात पदक नसेल, पण "आजोबांचे वडील बोटीवर होते" एवढंच कानावर असेल, तर सुरुवात तिथून करावी.

नाव असून, मान असून, कबर नसणं काय असतं, हे पाहायचं तर माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडगे यांची नोंद उघडावी. नाईक, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे कूतमध्ये वेढली गेलेली तीच जुनी ११०. १० जुलै १९४४ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले तेव्हा ते एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण देहाचा ठावठिकाणा राहिला नाही. त्यांचं नाव आहे कॅसिनोच्या स्मारकावर, कबर अज्ञात असलेल्या चार हजारांहून अधिक जणांच्या यादीत. २०२३मध्ये टायबरच्या त्या खोऱ्यातल्या मोंतोने गावानं त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं.

आणि शेवटी, इराक-इटलीला जाणं कोणाला जमणार, असं वाटलं तर पुण्यात खडकीला जा. तिथं युद्धस्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी, पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या होत्या त्या एकत्र आणलेल्या. पहिल्या युद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावंही तिथं आहेत. गवत कापलेलं, दगड एका मापाचे. इथं झोपलेल्या पोरांची घरं समुद्रापलीकडे आहेत, आणि तिकडे कोणाच्या तरी माळ्यावर असंच गाठोडं आहे. आयोगाच्या सूचीत यांतली कोणतीही नोंद उघडा. आकडा, हुद्दा, नाव, पलटण, तारीख. आणि शेवटी, नशीब असेल तर, तीच ओळ : अमक्याचा मुलगा, राहणार अमकं गाव.